लाल टोपी, पांढरी टोपी

४ जानेवारी
यंदा पीएचडी संपवायचीच. नववं वर्ष, म्हणजे पाया पक्का. बायको म्हणाली, जूनपर्यंत डिग्री, नाहीतर तिच्या भावाच्या कोल्ड स्टोरेजमध्ये नोकरी. मी हसलो. ती हसली नाही.

५ जानेवारी
लॅबच्या थंड खोलीत आवराआवर. ध्रुवाकडच्या समुद्रतळातून काढलेल्या गाळाची माझी नळी फार कळकट झालेली. दोन्ही टोकांच्या टोप्या काढून घासून धुतल्या. लाल टोपी वरच्या, नव्या गाळाला. पांढरी खालच्या, जुन्याला. गाइड मॅडम म्हणतात टोप्यांना हात लावायचा नाही. पण कुठली कुठे होती, मला तोंडपाठ आहे.

१७ फेब्रुवारी
गाळातली शेवाळाची कवचं मोजतोय. त्यांवरून कळतं, कुठल्या काळात समुद्रावर बर्फ किती होता. डोळे गेले. आज सुट्टी घेतली. कालही घेतली होती.

२० मार्च
हादरलो. सगळं जग म्हणतं, हिमयुगात तिथला समुद्र गोठला, दुधावर साय धरते तसा बर्फ धरला, कार्बन खालीच कोंडला आणि हवेतला घटला. माझी नळी सांगते, हिमयुगात तिथे बर्फ नव्हताच. म्हणजे जग चुकलंय. जगाचं वाईट वाटलं.

२१ मार्च
मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, आधी दोन्ही टोकांच्या गाळाचं वय काढून घे. मत्सर, दुसरं काय. तरी नमुने पाठवले.

२ मे
या शोधावर परिषदेत द्यायचं भाषण बायकोला ऐकवलं. ती रात्रपाळीहून आलेली, बसल्या बसल्या झोपली. इतकी वर्षं घर हिनेच ओढलं. झोपेतच तिला सांगितलं, आता तुझी रात्रपाळी सुटली.

११ जून
वयं आली. लाल टोपीकडचा गाळ वीस हजार वर्षांपूर्वीचा, म्हणजे हिमयुगातला, पांढरीकडचा अलीकडचा. वय काढणाऱ्यांचा घोळ असणार. मॅडमनी एवढंच विचारलं, टोप्या कोणी काढल्या होत्या. नळी फिरवून वाचली. जग बरोबर आहे.

१२ जून
आता मुदतवाढ नाही, असं मॅडम म्हणाल्या. बायकोला सांगितलं. तिने डबा भरला आणि पाळीला गेली. बोलली असती तर बरं झालं असतं.

१ जुलै
कोल्ड स्टोरेजमध्ये पहिला दिवस. मेहुण्याला म्हटलं, थंडीत काम करायची मला सवय आहे. काम सोपं. खोक्यावर बाण छापलेला असतो, तो वरच्या दिशेने ठेवायचा. मेहुण्याने हे दोनदा समजावलं. बायकोने त्याला सांगितलेलं दिसतंय.