बनाची बडबड

॥ श्री बिरोबा प्रसन्न ॥
सोलापूर, ता. ८ जानेवारी १९३४

ती. सौ. राजाक्काच्या सेवेशी, बनाचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळी खुशाली, फक्त माझं तोंड मला नडतं आहे. सुइणीचं काम शिकायला आले, हात चांगला बसला. पण बाळंतिणीजवळ गेले की भीतीनं माझी जीभ सुटते ती थांबतच नाही. आमच्या मोठ्या बाई म्हणतात, दाई मुकी असावी. म्हणून काल मी पदराचा बोळा दातांत धरला. तोंड गप्प झालं आणि हात लटपटायला लागले. चिमट्यांचं तबक धाडकन फरशीवर!

पुढच्या महिन्यात डॉक्टरीणबाईंपुढं परीक्षा आहे. तेव्हा बडबडलीस तर घरी जा, असं बाईंनी बजावलं आहे. आबा रागावणार नाहीत, पण मला हेच काम करायचं आहे गं. आमच्याबरोबर शिकणारी अक्कलकोटची निंगव्वा आहे, तिला कशाचा घामसुद्धा फुटत नाही. मला तिचा भारी हेवा वाटतो.

दाजींना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी बना

सांगोले, ता. १७ जानेवारी १९३४

चि. बनास, राजाक्काचे अनेक आशीर्वाद.

परवा आबा कळप घेऊन इकडून गेले, तेव्हा तुझं पत्र वाचून दाखवलं. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मुकी दाई असंल, पर मुका धनगर कुणी बगितलाय का, असं विचारत होते.

माण नदी उतरताना आबा कसे अखंड बोलतात, आठव. आवाज तुटला की कळप फुटतो. मी म्हटलं, मेंढरांना काय कळतं? तर म्हणाले, मेंढरांचं ऱ्हाऊ दे, मी बी भितोच की. बोलत ऱ्हायलं की माजं पाय नीट पडतात. इतक्या वर्षांत हे मला ठाऊक नव्हतं बघ.

तेव्हा तो बोळा चुलीत घाल. मात्र आपली भीती बोलून दाखवू नकोस, समोरच्या बाईशी बोल. मोठ्या बाई रागावल्या तर रागावल्या. लहानपणी माझं डोकं खाल्लंस, आता सोलापूरकरांचं खा.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून,
राजाक्का

सोलापूर, ता. २० फेब्रुवारी १९३४

ती. सौ. राजाक्काच्या सेवेशी, शि. सा. न. वि. वि.

परीक्षेला गिरणीतल्या कामगाराची बायको आली होती, रंभाबाई. पहिलटकरीण, घाबरून पांढरीफटक पडलेली. मी बोळा घेतला नाही. तोंड उघडलं आणि काय बाहेर पडावं? आबांचं नदीतलं बोलणं! ये गं काळे, पाणी थोडंच हाय, पल्याड हिरवा चारा हाय. मोठ्या बाईंनी डोळे वटारले. मी जीभ चावली, तशी रंभाबाईनं माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "काळी म्हन, कायबी म्हन, पर थांबू नगंस."

मग कोण थांबतंय! मूल आलं ते निळसर, रडेचना. निंगव्वा वाडगं धरून खांबासारखी उभी. मी बोलता बोलताच बाळाचं तोंड पुसलं, पाठ चोळली, त्याच सुरात निंगव्वाला गरम पाणी मागितलं आणि तीही हलली. माझे हात एकदासुद्धा कापले नाहीत, अक्का. बाळानं असा टाहो फोडला की अखेर माझाच आवाज झाकला गेला.

मी पास झाले! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बोलत जा, पण मेंढ्यांची नावं जरा जपून. निंगव्वा आता मला तसं बोलायला शिकव म्हणून मागं लागली आहे.

आबांना साखर दे. तुझ्या मायेची हावरी,
बना

सांगोले, ता. १ मार्च १९३४

चि. बनास अनेक आशीर्वाद.

साखर गावभर वाटली. तुझ्या दाजींनी तर अनोळखी माणसालाही थांबवून दिली. अर्धी तू पास झाल्याची होती, अर्धी माझी. सात वर्षांनी बिरोबानं ऐकलं गं. मला दिवस गेले आहेत.

सासूबाईंना विचारलं, त्या व्हय म्हणाल्या. बाळंतपणाला मी सोलापूरला तुझ्याकडे येणार. इथं सगळे म्हणतात, राजा मोठी धीराची, तोंडातून ब्र काढत नाही. धीर कसला, बना? मी भ्याले की माझी वाचाच बसते, आणि आता मी फार भ्याले आहे. तिथं माझ्या तोंडून एक शब्द निघायचा नाही. तू माझा हात धर आणि माझ्या वाटचंही तूच बोल.

सगळा भार तुझ्यावर टाकून निर्धास्त झालेली,
राजाक्का