सत्यभामेच्या काळजावरची चरबी

नांदुरा

ती. भगवंतराव यांस,

तुळशीरामाचा डोणगावच्या दिशेने वाकून नमस्कार. तुमची तब्येत, वहिनींचे गुडघे आणि नवी म्हैस ठीक असतील अशी आशा करतो. (वहिनी फोनवर म्हशीचंच जास्त सांगतात.)

इकडे तुमच्या बहिणीने पराक्रम केला आहे. सत्यभामा म्हणजे वाळलेली शेंग. त्या अंगात मधुमेह बसतो तरी कुठे, हे मला कोडंच होतं. उन्हाळ्यात जिना चढताना तिला धाप लागू लागली, म्हणून अकोल्याला हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथल्या सिस्टरने आधी आम्हा दोघांकडे पाहिलं, मग माझ्या पोटाकडे, आणि मलाच आत नेऊन शर्ट काढायला लावला. छातीवर गारगार जेल फासलं तरी मी गप्प (दवाखान्यात माझी वाचाच जाते). शेवटी पडदा सरकवून सत्यभामा म्हणाली, "बाई, पेशंट मी हाय. हे निस्ते सोबत आले!"

मग तिच्या हृदयाची सोनोग्राफी झाली. डॉक्टर म्हणाले, हृदयाभोवतीचा चरबीचा थर वाढलाय. मधुमेहात असं होऊ शकतं, वजनकाट्याला ते कळत नाही. रक्तवाहिन्याही ताठर होऊ लागल्यात.

"माह्या अंगावर चिमटीत धराले मांस नाही, अन् काळजावर चरबी?" ती भडकली. पण परतताना एसटीत तिने सगळ्यांदेखत माझा हात घट्ट धरला. असं आमच्यात आजवर कधी झालं नव्हतं. मी फार घाबरलो, भगवंतराव.

ती मात्र नांदुरा येईस्तोवर सावरली. दुसऱ्या दिवसापासून औषधं वेळेवर, भात नावापुरता, आणि रोज सकाळी बाजार समितीपर्यंत तरातरा चालणं. पाऊस असो, पाहुणे असोत (तुमच्याच चुलत्यांना चहा देऊन ती चालायला निघून गेली). एकदा मी काळजीने मागून ऑटो घेऊन गेलो, तर म्हणाली, "काऊन जी, माही वरात काढून राह्यले का?"

गेल्या आठवड्यात पुन्हा तपासणी झाली. साखर ताब्यात, थरही थोडा उतरलाय. डॉक्टर म्हणाले, "शाबास आजी, हे असंच चालू ठेवा." मी भर दवाखान्यात टाळ्या वाजवल्या. ('आजी' म्हटल्याचा राग तिला अजून आहे.) अशी बाई तुमच्या घरात जन्मली, याबद्दल तुमचं अभिनंदन.

आपला,
तुळशीराम

ता. क. : ती रविवारी तुमच्याकडे येते आहे. वहिनींना भेटायला आले, असं सांगेल. खरं म्हणजे तुम्हाला अकोल्याला न्यायला येते आहे. तुम्हालाही साखर आहे, आणि गोठ्यापर्यंत जाताना दम लागतो, हे वहिनींनी तिला सांगितलंय.

ता. ता. क. : मी फोडलं हे तिला कळू देऊ नका. पळायचा बेत असेल तर सोडा. डोणगावहून गाडी धराल, तर पुढे मेहकरच्या स्टँडवर मी उभा असेन. तिनेच उभं राहायला सांगितलंय. पण खरं सांगू? तिने सांगितलं नसतं, तरी उभा राहिलो असतो.