चाचींच्या ताशाची फाईल

सर, तुमच्या खुर्चीत आता मी बसते, आणि खरं सांगते, आठवडाभर तुमच्यावर नुसती धुमसतेय. उचगावच्या चाची आठवतात? नवऱ्याचा ताशा आपल्या संग्रहालयाला द्यायला आल्या होत्या. तुम्ही त्यांना चहा दिलात, समोर बसवलंत. त्या बोलतायत, मधेच टेबलावर बोटांनी वाजवून दाखवतायत, आणि तुम्ही दोन बोटांनी कॉम्प्युटरवर टाइप करताय. मी नवीन होते. ताशा कुठल्या कपाटात ठेवू, म्हणून विचारायला आले तर खेकसलात, "गप की गं जरा! ताशा काय पळून जातोय व्हय? माणसं जात्यात. मग कुणाला इचारशील?"

माणसं गेलीच, सर. आधी तुम्ही, मग चाची. गेल्या आठवड्यात त्यांची नात आली. "आजीनं काय काय सांगितलंतं, वाचाय मिळंल काय?" मी रुबाबात म्हटलं, "मिळंल की!" फाईल उघडली, तर पडद्यावर चौकोन, फुल्या आणि इंग्रजी अक्षरांचा चिवडा. तुम्ही ज्यांचं मराठी सॉफ्टवेअर घेतलं होतंत, ती कंपनी केव्हाच गाशा गुंडाळून गेली. त्यांच्याशिवाय त्यांची फाईल कुणाला वाचता येत नाही. आपला जुना कॉम्प्युटरही भंगारात गेला. तिनं पडद्यावर बोट ठेवलं. "ह्यात आजीचं कुठलं?" एवढंच म्हणाली. काचेमागच्या चिठ्ठीवर 'ताशा, उचगाव' इतकंच आहे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढे हुशार तुम्ही, आणि दुसऱ्याच्या कुलपात आपलं सगळं ठेवून बसलात!

म्हणून आज बैठकीत मी भांडले. विषय होता नवी कंपनी, नवं सॉफ्टवेअर, सगळ्या वस्तूंच्या नोंदी त्यात भरायच्या. अध्यक्ष खूश, "एकदम झकास हाय!" मी म्हटलं, नोंदी खुल्या फाईलमध्ये ठेवा, कुठल्याही कॉम्प्युटरवर, कुणाला न विचारता उघडतील अशा. कंपनीचा माणूस हसला. "मॅडम, आम्ही असताना दुसरीकडं उघडायचं कशाला?" "आणि तुम्ही नसाल तेव्हा?" मग अध्यक्षांनी कराराचा कागद माझ्यापुढे सरकवला. "बाई, मार्चएंड हाय. आज सही न्हाय झाली तर अनुदान परत जातंय. मग बसा मोकळ्या हातानं!" इकडे आड, तिकडे विहीर. सही करावी तर सगळं पुन्हा त्याच कुलपात. न करावी तर नोंदी करायला माणूस नाही, मशीन नाही, आणि सांगणारी म्हातारी माणसं वर्षभर थांबतील याची हमी कोण देणार? सगळे माझ्या पेनाकडे बघत होते.

तेवढ्यात आठवलं. तुमचं ते सॉफ्टवेअर आलं तेव्हाही मार्चच होता. तुम्ही अशाच बैठकीतून बाहेर आला होतात, मी पेढे मागितले, तर माझ्याकडे न बघता चपला घालून निघून गेलात. तेव्हा मला वाटलं, साहेबांचं डोकं दुखत असेल.

हे काही पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. सही केली मी, सर. आठवडाभर तुम्हाला शिव्या घातल्या, आता कुठल्या तोंडानं घालू?