मिक्स्ड डबल्स आणि पस्तीस टक्के

६ जून १९९९, रविवार
न्यू जर्सीच्या मामाचं पार्सल आलं. सोळा जुन्या रॅकेटी, एक नेट, चार पानी पत्र. तिथलं मराठी मंडळ भूकंपापासून दरवर्षी टेनिस टुर्नामेंट भरवतं, आपल्याकडच्या एका गावाच्या वाचनालयासाठी. आता म्हणे लातूरकरांनीही भरवावी, सगळं स्वयंसेवकांनी करावं. चौथं पान स्वयंसेवकांच्या टोपीचा रंग कोणता असावा यावर. माणसं तिकडं जाऊन अशी होतात.
तरी भरवणार. कारण एकच. मिक्स्ड डबल्स. मी आणि अक्षरा. चार वर्षांत एक शब्द बोललेलो नाही, पण नेटच्या एकाच बाजूला उभं राहिल्यावर बोलावंच लागतं.

८ जून
कमिटी झाली. मी सेक्रेटरी, कारण बाकी सगळ्यांना क्लास. पहाटे पाचला अख्खं गाव सायकलवर केमिस्ट्रीला निघतं. मेंढरं परवडली, ती निदान चरतात तरी. मी बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला नांदेडात सोडली. लोक म्हणतात झेपली नाही. खोटं. प्राचार्यांशी तत्त्वावरून भांडलो. कोणतं तत्त्व ते सवडीनं लिहीन.
अध्यक्ष गुरुबसप्पा शेट, कारण कोर्ट म्हणजे त्यांच्या मिलचा डाळ वाळवायचा ओटा. त्यांनी विचारलं, टेनिसमध्ये गोल कुठं मारायचा.

९ जून
आठ मुली, आठ मुलं. अक्षराचं नाव आलं! तिचे वडील मृत्युंजय सर, केमिस्ट्रीवाले. त्यांनी परवानगी दिली कारण बारावी झाली, आता मेडिकलची वाटच पाहायची आहे.
नबीलच्या अब्बांनी, पाशामियाँनी, तुटक्या रॅकेटी खाटेच्या दोरीनं विणून दिल्या. नबील माझा एकुलता मित्र. म्हणाला, "इसपे सो भी सकते यार."

११ जून
जोड्या कशा लावायच्या? खेळ कुणालाच येत नाही, तेव्हा चांगलं कोण, वाईट कोण कळेना. गुरुबसप्पा शेट म्हणाले, त्यात काय, बारावीचे टक्के हाईत की! मुलींतली पहिली मुलांतल्या शेवटच्यासोबत. "न्याय झाला पायजे." टाळ्या पडल्या. या गावात पोरगी बघायला गेले तरी चहाआधी मार्कशीट बाहेर येते.
मी संतापून उठलो. दारापर्यंत गेलो. तिथं हिशेब लक्षात आला. अक्षराला ९४, म्हणजे पहिली. परत येऊन बसलो आणि अनुमोदन दिलं.

१२ जून
शेवटून मी तिसरा! मला ५४.३३. नबील ४७. अमान ४१. अमान! ज्याला सर्व्हिस म्हणजे मोटारसायकलची वाटते. आयुष्यात पहिल्यांदा माझे मार्क जास्त भरले आणि तेही नको तिथं.

१३ जून
शेटजी म्हणतात, मार्कशीटची झेरॉक्स लागेल. व्हाइटनर आणला. घरात पडलेल्या जुन्या झेरॉक्सवर ५४.३३ चे ३५.०० केले. झेरॉक्सवाला कागदाकडं बघतच राहिला. म्हणाला, "दहा वर्षं झाली दुकान टाकून. लोक वाढवून घेतात मालक, तुम्ही कमी करून राहिलात!" प्रेम त्याला काय कळणार.

१५ जून
यादी मिलच्या भिंतीवर लागली. अक्षरा ९४, त्यासमोर मी, ३५. तिनं यादी वाचली आणि माझ्याकडं पाहिलं. चार वर्षांत पहिल्यांदा. नजरेत करुणा होती. करुणेनंतर प्रेमच येतं.
माझ्या वडिलांनी, अप्पांनीही यादी वाचली. "मी समाजात एकाहत्तर सांगून राहिलो अन् तू भिंतीवर पस्तीस लावलास!" जेवण बंद. आईनं चोरून भाकरी दिली.

२७ जून, स्पर्धा
पहिल्याच फेरीत ०-६. दोष माझा नाही. डाळीवरून पाय घसरतो. समोरचे नबील आणि त्याची जोडीदार गौरम्मा जिंकले. नबीलकडून ही अपेक्षा नव्हती. मित्रानं हरायला हवं होतं.
पण ती बोलली! ०-४ असताना जवळ येऊन हळूच म्हणाली, "तुम्ही लाजू नका. पपा शून्यापासून शिकवतात." मी म्हटलं, हाव. त्या क्षणी ती काहीही म्हणाली असती तरी मी हावच म्हटलं असतं.

२९ जून
मृत्युंजय सर घरी! मला वाटलं मागणी घालायला आले. नवा शर्ट घालून बाहेर आलो. त्यांनी बारावी पुन्हा देणाऱ्यांच्या रिपीटर बॅचचा फॉर्म काढला. अक्षरा म्हणे दोन दिवस त्यांच्या मागं लागली होती, त्या मुलाला घ्याच. अप्पांच्या डोळ्यांत पाणी. मला न विचारता सही.
मी खरं सांगून टाकलं. सर, मला ५४ होते, मी ३५ केले. सर माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "बाळा, ५४ असताना ३५ कोण सांगेल?" मी मूळ मार्कशीट आणायला धावलो. ती नांदेडच्या कॉलेजात जमा आहे, आणि प्राचार्यांशी माझं भांडण आहे.

१२ जुलै
पहाटे साडेपाच. बॅच डी. बाकावर सगळी सतरा वर्षांची कार्टी. शेजारचं मला काका म्हणालं. उद्यापासून येणार नाही.

१३ जुलै
गेलो. अप्पा गेटपर्यंत सोडायला येतात.

८ ऑगस्ट
अक्षरा नागपूरला मेडिकलला गेली. मी स्टँडवर गेलो होतो. एसटी सुटताना तिनं खिडकीतून डोकं काढून ओरडून विचारलं, "ऑरगॅनिक सुरू झालं का?" भर स्टँडवर, आईवडिलांसमोर! एवढी काळजी उगाच कोणी करत नाही.

२२ ऑगस्ट
पहिली युनिट टेस्ट. अभ्यास मुद्दाम केला नाही. ५४ वाला माणूस न वाचता काय करू शकतो ते एकदा सरांना दिसू दे म्हटलं.
पेपर मिळाला. शंभरपैकी ३१.
सर अजिबात रागावले नाहीत. अख्ख्या बॅचसमोर म्हणाले, "बरोबर आहे. बोर्डानंच चार जास्त दिले होते."