तेलाचे ब्रेक

९ जानेवारी १९६२, राजापेठ
हे आमच्या जुन्या मोटारीत भातकुलीहून वांगी भरून येत होते. शेजारी सासूबाई. उतारावर पुढे बैलगाडी आली, ब्रेक दाबला, गाडी थांबेना. ह्यांनी सरळ तुरीच्या शेतात घातली. कोणाला लागलं नाही. सासूबाई मात्र उतरल्या त्या घरापर्यंत चालत आल्या. पदरात वांगी. "तुरीनं धरलं म्हनून बचलो," एवढंच म्हणाल्या. हे जेवले नाहीत.

११ जाने.
ह्यांचं म्हणणं, दोष गाडीचा नाही, सळयांचा. पेडलपासून चाकापर्यंत लोखंडी सळया. एक ताठ, एक सैल, प्रत्येक चाक आपल्या मर्जीनं धरतं. नव्या गाड्यांत तेलाचे ब्रेक असतात. तेच बसवायचे, घरी, स्वतः. मी म्हटलं मिस्त्रीला द्या. म्हणाले, "तू बसनार हायेस त्यात." सातवा लागला की मला बार्शीटाकळीला, माहेरी पोचवायचं आहे. आईचा निरोप आगगाडीनंच या असा.

१७ जाने.
हे अकोल्याला जाऊन आले. भंगारातल्या एका मोडक्या गाडीचे ब्रेक पोत्यातून आणले. पोतं माझ्या स्वयंपाकघरात उघडलं. मी रागावले. मग पुसायला जुनं लुगडं फाडून दिलं.

२३ जाने.
गाडी अंगणात, ओंडक्यांवर. चाकं भिंतीला टेकवलेली. शाळेतून आले तर ह्यांचे नुसते पाय दिसले. मुलांचे पेपर, हेडमास्तरांचा स्वभाव, सगळं पायांनाच सांगितलं. पाय म्हणाले, चहा.

२८ जाने.
पेडलखालच्या सिलिंडरमधलं रबर फुगलेलं निघालं. नवं नागपूरहून येईल तोवर काम बंद. सा.बाई सकाळ-संध्याकाळ गाडीभोवती एक फेरी मारतात.

४ फेब्रु.
रबर बसलं, तेल ओतलं. तरी पेडल मऊ. नळीत हवा. ती काढायला दोघं लागतात. एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकापाशी हवा सोडायची. मी चढायला गेले तर सा.बाईंनी दंड धरला. "तू नाई. मी दाबतो."
काष्टा सावरून स्टिअरिंगमागे बसल्या! तेलाचा वास घेतला. "हे तं एरंडेल होय. गाडीले जुलाब देऊन राहिला का?" हे गाडीखाली हसले. त्या दिवसानंतर आज पहिल्यांदा.
मग दुपारभर तेच. दाब माय. दाबलं. सोड माय. सोडलं. मी बाटली धरून बुडबुडे बघत होते. बुडबुडे सरले, पेडल दगडासारखं झालं, तरी सा.बाईंनी पाय काढला नाही. म्हणाल्या, "त्या दिवशी तुनं एक हात स्टेरिंगवर ठेवला न एक माह्यापुढं आडवा धरला. आता दोन्ही स्टेरिंगवर ठेवत जाय. मी मले धरतो."
गाडीखाली ह्यांनी आवळलेला नट पुन्हा आवळला.

५ फेब्रु.
पेडल पुन्हा खाली. जोडातून गळती. पुन्हा सगळं. सा.बाई स्वतःहून चढून बसल्या.

१० फेब्रु.
त्याच उतारावर नेली. आधी रिकामी, मग विटा भरून. मला कडेला उभं केलं. सरळ थांबली, कुठेही न ओढता. सा.बाई आतच होत्या. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.
हे परत येताना शीळ घालत होते. लग्नानंतर ऐकली नव्हती.

१६ फेब्रु., बार्शीटाकळी
पोचलो. मूर्तिजापूरच्या पुढे म्हैस आडवी आली. ह्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर. म्हशीनं आमच्याकडे पाहिलं आणि सावकाश गेली. कपाळाला घाम फक्त मला.
आईनं गाडी बघितली. ह्यांच्या ताटात तूप जरा जास्त वाढलं.
ऊन उतरल्यावर हे आणि सा.बाई परत निघाले. बाळंतपणाला येतो म्हणालेत. पण कापसाची भाडी सुरू आहेत, कसं जमेल कोण जाणे.
मी दारात उभी. विहिरीपाशी वळणावर रस्ता मोकळा होता, तरी गाडी थांबली. काही विसरलं असेल म्हणून चार पावलं पुढे गेले. कोणी उतरलं नाही, दोघं मागे वळून माझ्याकडेच बघत होते. जरा वेळ तशीच उभी होती, मग गेली.