शंभर वर्षं हरणाऱ्या क्लबाबद्दल मोहनमामांना

तीर्थस्वरूप मोहनमामा यांना,

जर्सी सिटीच्या सत्ताविसाव्या मजल्यावरून वाकून नमस्कार. (इथे खिडकीशी वाकलं की थेट खाली हडसन नदी दिसते आणि चक्कर येते, म्हणून बेताचाच वाकलो आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींनी कारल्याचा रस चालू ठेवला आहे का, आणि तुम्ही तो अजून तुळशीच्या शेजारच्या कुंडीत ओतता का? इकडे लतिकाचं ऑफिस ठीक, अनिकाची शाळा ठीक, मी मात्र ठीक नाही. लतिकाकडून तुमच्या कानावर आलंच असेल की अंकुर दर रविवारी सकाळी डोकं धरून फोनकडे बघत बसतो. दारू असती, शेअर बाजार असता, तर निदान चारचौघांत सांगता तरी आलं असतं. माझं दुखणं एका जर्मन फुटबॉल क्लबचं आहे. तोही तुम्ही टीव्हीवर बघता तसला नव्हे. सातव्या दर्जाच्या लीगमधला, आणि त्या लीगच्याही तळाचा.

झालं असं, की आमच्या ऑफिसातला जर्मन मथियास कायमचा मायदेशी परतला. आम्ही रीतीप्रमाणे त्याला गणपती दिला. त्यानं परतीची भेट म्हणून मला त्याच्या गावच्या क्लबचं सभासदत्व दिलं. आलेला आहेर परत करू नये असं आजी सांगायची, म्हणून ठेवून घेतलं. गावाचं नाव ग्राउएनबाख, क्लबचे रंग तपकिरी आणि करडा. (लतिका म्हणते, खेळाडू उभे राहिले की मैदानावर कोणी आहे हेच कळत नाही.) या सामन्यांचं प्रक्षेपण कोण करणार? क्लबच्या चिटणीस डोर्नझाइफबाई मैदानाच्या कडेला बसून वेबसाइटवर एकेक ओळ टाइप करतात. ‘आपल्याला कॉर्नर’ असं लिहितात आणि मग दहा मिनिटं गायब, कारण मध्यंतरीसाठी सॉसेज परतायचंही काम त्यांच्याकडेच आहे. तेवढ्या वेळात इकडे माझा जीव टांगणीला. आमच्या घड्याळात तेव्हा रविवार सकाळ असते आणि मी अनिकाला घेऊन मराठी शाळेत गेलेलो असतो. मागच्या महिन्यात मुलं डोळे मिटून प्रार्थना म्हणत असताना डोर्नझाइफबाईंनी ‘गोल!’ असं लिहिलं आणि मी मागच्या बाकावरून जी आरोळी ठोकली, ती ऐकून बालवर्गातली दोन मुलं रडायला लागली. मी सगळ्यांची माफी मागेपर्यंत पंचांनी तो गोल रद्द केला होता. गाडीत बसल्यावर अनिका शांतपणे म्हणाली, “बाबा, दे आर सो बॅड, इट्स काइंड ऑफ इम्प्रेसिव्ह.”

इथवरही निभावलं असतं. पण क्लबच्या वार्षिक सभेला मी व्हिडिओवर हजर राहिलो आणि निरोप घेताना, आपण घेतो तसा, म्हणून गेलो की काही लागलं तर हक्कानं सांगा. मामा, हे वाक्य आपण एक पाय चपलेत घालून म्हणतो. आजवर आपल्या घराण्यात कोणी ते म्हणून गोत्यात आलेला नाही, कारण समोरचा माणूस ‘हो हो, नक्की’ म्हणतो आणि कधीही सांगत नाही. जर्मन माणूस सांगतो. डोर्नझाइफबाईंनी माझं वाक्य इतिवृत्तात लिहून घेतलं, त्यावर चर्चा झाली, मतदान झालं, आणि क्लबच्या शताब्दीनिमित्त क्लबचा इतिहास लिहिण्याचं काम अमेरिकेतल्या सभासदावर सोपवल्याचं पत्र मला आलं. लतिका दोन दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “आता नाही म्हणू नकोस यार, त्या बाईंना वाईट वाटेल.”

आता इतिहास ऐका. एकोणीसशे सव्वीस साली ग्राउएनबाखच्या बटणांच्या कारखान्यातल्या कामगारांचं एक व्यायाम मंडळ होतं. त्यात सिंगल बार श्रेष्ठ की चेंडू श्रेष्ठ यावर भांडण झालं आणि चेंडूवाले बाहेर पडले. (दोन मराठी माणसं भेटली की तीन मंडळं होतात असं आपण उगीचच अभिमानानं म्हणतो. जर्मन लोक आपल्या पुढे आहेत.) चेंडूवाल्यांचा पहिला सामना अर्धाच झाला, कारण त्यांच्याकडे एकच चेंडू होता आणि तो ओढ्यातून वाहत गेला. तोवर ते हरत होते. पुढे युद्धात मैदानावर बटाटे लावले, आणि गावातल्या म्हाताऱ्यांच्या मते मैदानाचा तो एकमेव सदुपयोग. युद्धानंतर कोणाकडे सदरे नव्हते, तेव्हा बायकांनी पिठाच्या पोत्यांचे शिवले, आणि ते तपकिरी-करडे होते म्हणून क्लबचे रंग तपकिरी-करडे. हे वाचून मला एकदम भरून आलं होतं. मग पुढची पन्नास वर्षं वाचली. क्लब दोनदा वरच्या लीगमध्ये गेला, दोन्ही वेळा वरच्यांचं दिवाळं वाजल्यामुळे. उतरला मात्र स्वतःच्या कष्टानं. एकदा तर आम्ही चक्क तिसरे आलो आणि त्याच वर्षी सगळ्या लीगची फेरमांडणी झाली. आम्ही जागच्या जागी उभे होतो, जमीनच खाली गेली.

मी हे सगळं आपल्या स्मरणिकेच्या भाषेत लिहिलं. आपल्या स्मरणिकेत कोणी हरत नाही हे तुम्ही जाणताच. यश थोडक्यात हुलकावणी देतं, खेळाडू झुंजार असतात, प्रेक्षकांची मनं जिंकली जातात. मथियासनं जर्मन करून दिलेला मसुदा आठवड्यात परत आला, लाल खुणांसकट. ‘थोडक्यात’ या शब्दाशेजारी डोर्नझाइफबाईंनी लिहिलं होतं, की सामना नऊ-शून्य संपला होता, तरी दुरुस्ती करावी. ‘झुंजार’शेजारी, की त्या दिवशी आमचे दोन खेळाडू उशिरा आले होते, तेही लिहावं. वर प्रेमळ सूचना, की मोठ्या पराभवांची शेवटी वेगळी यादी दिली तर वाचकांची सोय होईल. अहो, आपल्याकडे लग्न मोडलं तरी योग नव्हता म्हणतात!

उन्हाळ्यात मी लतिका आणि अनिकाला पॅरिस दाखवतो असं सांगून ग्राउएनबाखला नेलं. (दाखवलं पॅरिसही, पण विमानतळ.) मैदानावर पाणी साचलं म्हणून सामना रद्द. डोर्नझाइफबाई सत्तरीच्या, छत्री घेऊन आल्या आणि आम्हाला क्लबचं स्टेडियम दाखवलं, म्हणजे पत्र्याखालचा एक लांब बाक. आम्ही चौघांनी त्या बाकावर बसून पावसात बटाट्याचं सॅलड खाल्लं. मामा, माझी अमेरिकेत सोळा वर्षं गेली. घरं भाड्याची, व्हिसा मुदतीचा, दर दोन वर्षांनी शेजारी नवे. त्या बाकावर मला जे वाटलं ते मला इथे कुठेच वाटलेलं नाही. आपण कुठेतरी आहोत असं वाटलं. बाईंनी लतिकाच्या खांद्यावर तपकिरी-करडा मफलर टाकला आणि लतिकानं तो न्यूयॉर्कपर्यंत काढला नाही.

आता मूळ दुःखाकडे येतो. शेजारच्या गावच्या क्लबला एक फरशीवाला शेठ लाभला आहे. त्यांनी आमचा क्लब विलीन करून घ्यायचं ठरवलं आहे. नाव त्यांचं, रंग त्यांचे, आमच्या मैदानावर त्यांच्या प्रेक्षकांच्या गाड्या. पुढच्या रविवारी सभासदांचं मतदान आहे, आणि मतदानाआधी मी माझा इतिहास व्हिडिओवरून वाचून दाखवायचा आहे. डोर्नझाइफबाईंची भाबडी समजूत, की इतिहास ऐकला की लोकांचे हात विलीनीकरणाविरुद्ध वर जातील. मी तो रोज रात्री वाचतो. मामा, तो ऐकून कोणीही शहाणा माणूस उठून म्हणेल, झालं तेवढं पुरे, बंद करा. शंभर वर्षांत अभिमानानं सांगावी अशी एक गोष्ट मला सापडत नाही, आणि तरी हा क्लब गेला तर मी काय करीन ते मला कळत नाही.

बाकी क्षेम. मामींना नमस्कार, कुंडीला सहानुभूती. पत्राचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतो आहे, बोटांनी मोठा करून वाचा.

तुमचा भाचा,
अंकुर

ता. क. आईला यातलं काही सांगू नका. तिला वाटतं मी रविवारी ध्यान करतो.

पुन्हा ता. क. पत्र खरं यासाठीच लिहिलं. मिरजेतला तुमचा खो-खो संघ बाजारपेठेतल्या मंडळात विलीन झाला, त्या सभेत तुम्ही बोलायला उभे राहिलात, आणि ‘चहा घेतल्याशिवाय कोणी जाऊ नका’ एवढंच म्हणून तुम्ही खाली बसलात, असं आई सांगते. घरात त्यावर नंतर कोणी तुम्हाला कधी विचारलं नाही. मी विचारतो. चहाच्या आधी तुम्हाला जे म्हणायचं होतं, ते मला लिहून पाठवाल का? कितीही वाईट अक्षरात चालेल. मी मथियासकडून त्याचं जर्मन करून घेईन आणि इतिहास बाजूला ठेवून तेच वाचेन.

आणखी एक ता. क. आत्ताच आजची मॅच संपली. सहा-शून्य. बाईंनी शेवटच्या ओळीत लिहिलं आहे, ‘पुढच्या रविवारी सगळ्यांनी या.’ मामा, लवकर लिहा.