लाल डोक्याच्या खुंट्या

लेस्टर
२ जून २००९

ती. मॉरीनआत्यास,
टॅमसिनचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि आल्याचा केक दोन्ही पोचले. केक पोस्टात चेपला होता, पण जोडीने आणि मी तो चमच्याने खाल्ला. जोडी म्हणजे माझ्या खोलीतली मैत्रीण. आजच्या काळात मी पत्रं लिहिते म्हणून ती मला एकोणीस वर्षांची आजीबाई म्हणते. तुला फोनवर धड ऐकू येत नाही हे तिला सांगितलं, तरी चिडवायचं काही थांबत नाही.

आता माझं रडगाणं. थॉर्नबीच्या संगीतमेळ्याचं तिकीट मी काढलं. तीन दिवस, मोकळ्या शेतात, पाच मंच. बेकरीत पहाटे उठून केलेली सगळी कमाई त्यात गेली, आणि मग लक्षात आलं की तिथे झोपायला तंबू लागतो. अंथरूण पाहून पाय पसरावेत असं तू नेहमी म्हणतेस. माझ्याकडे अंथरूणच नाही.

शनिवारी सगळं गाव पालथं घातलं. लष्कराचा जुना माल विकणाऱ्या म्हाताऱ्याने एक तंबू दाखवला, तो उचलायलाच एक पलटण लागली असती. सुपरमार्केटात वीस पौंडांचा आहे, हवेत फेकला की आपोआप उघडतो; पण पाऊस आला की तसाच आपोआप बसतो, असं तिथल्या मुलीनेच मला हळूच सांगितलं. धर्मादाय दुकानं पाच पाहिली. त्यात चार पौंडांची स्लीपिंग बॅग मिळाली, तिची चेन गुडघ्यापाशी अडते. गमबूट बाबांचे नेणार आहे. तुझ्या चर्चमध्ये कोणाकडे जुना तंबू असेल तर विचारशील का? विकत नको, उसना हवा आहे.

कंबर कशी आहे? शेजारच्या केनकाकांना गवत कापू दे, स्वतः यंत्र ढकलू नकोस. माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझी,
टॅमसिन


ऑटली
५ जून २००९

चि. टॅमसिन हिला,
आत्याचे अ. उ. आ.

चर्चमध्ये कोणाला विचारायची गरज नाही. माझ्याच माळ्यावर एक तंबू पडून आहे. कधीतरी चर्चच्या जुन्यापान्या वस्तूंच्या विक्रीत घेतला होता. दोन माणसांचा आहे, नारिंगी रंगाचा, जाड कापडाचा. दिसायला गबाळा आहे, पण गळणार नाही. तुझे बाबा रविवारी येऊन घेऊन जातील.

खुंट्यांच्या डोक्यांना लाल नेलपॉलिश लावलेलं आहे, गवतात हरवू नयेत म्हणून. हातोडी पिशवीत घातली आहे. दोन जाड मोजे आणि चहाची किटलीही. तंबूचं फार मनावर घेऊ नकोस. फाटला तरी काही हरकत नाही आणि परत आणायची घाई नाही, इथे नुसती जागा अडवून बसला आहे.

मजा कर, ओल्या कपड्यांत झोपू नकोस. आशीर्वाद आहेतच.

तुझी,
मॉरीनआत्या


ऑटली
५ जून २००९

चि. क्लाइव्ह यास,
ताईचे अ. उ. आ.

तुझ्या लेकीला तंबू हवा आहे आणि मी तिला रसेलचा देते आहे. तू बोंब मारणार हे ठाऊक आहे, म्हणून आधीच लिहिते. तिला मी तो विक्रीत घेतल्याचं सांगितलं आहे. तोंड उघडू नकोस. तो गेला तेव्हा ती आठ वर्षांची होती, हा तंबू तिने कधी पाहिला नाही. मेलेल्या आतेभावाच्या तंबूत झोपतो आहोत हे कळलं तर पोर तीन दिवस त्यात चोरासारखी वावरेल. तिने त्यात हसावं, चिखलाचे पाय घेऊन शिरावं, असं मला वाटतं. कापड अकरा वर्षं घडीत राहिलं तर घडीवर विरतं, हेही आहेच.

काल अंगणात तो उभा केला, हवा लागावी म्हणून. केन मदतीला आला, काही विचारलं नाही त्याने, भला माणूस. मग मी आत बसले. रसेल नऊ वर्षांचा असताना घेतला होता हा. पहिल्याच दिवशी इथे मागे लावला आणि एकटा झोपणार म्हणून हट्ट धरून बसला. रात्री पाऊस आला, तशी मी उशी घेऊन गेले. आम्ही दोघं पाठीला पाठ लावून पडलो होतो. मोठा झाल्यावर मी हे कुणापुढे काढलं की तो लाल व्हायचा आणि खोलीतून निघून जायचा. त्याला लाज वाटायची. पोरांना वाटतेच.

आत दाराजवळ त्याने पेनाने काहीबाही लिहिलेलं दिसलं, ओळीखाली ओळ. चष्मा स्वयंपाकघरात होता. आणायला उठले आणि परत बसले. वाचलं असतं तर तंबू मी दिला नसता, खरंच सांगते. तो परत आला की चष्मा लावून, चहा घेऊन आत बसणार आहे आणि दिवसाला एकच ओळ वाचणार आहे. त्याच्या हातचं एवढंच वाचायचं उरलं आहे.

रविवारी जेवायला थांब. मेंढीचं मटण करते. तुझ्यावरचा जीव आहे तसाच आहे, तू कितीही उशिरा पत्र लिही.

मॉरीन


डर्बी
९ जून २००९

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तंबू काल टॅमसिनला पोचता केला. तू सांगितलंस तसा तोंड शिवून बसलो. तिने पिशवी हुंगून पाहिली आणि म्हणाली की या तंबूला कुणाच्यातरी घराचा वास येतो आहे. मी खोकल्याचं निमित्त करून गाडीत जाऊन बसलो.

ताई, अजूनही सांगून टाक. आपल्या घराण्याला हा शापच आहे. बाबा छातीवर हात दाबून डॉक्टरला म्हणाले होते की तसा त्रास काही नाही, उगाच तुमचा वेळ घेतला. त्यांना घरी पाठवलं, आणि पुढचं आपण पाहिलं. तू मुलीला लिहिलंस की फाटला तरी हरकत नाही. हरकत आहे ना? मग तसं लिहावं माणसाने.

मटण उत्तम होतं. राग मानू नकोस, धाकट्यावर तेवढी मर्जी असू दे.

क्लाइव्ह


लेस्टर
३० जून २००९

ती. मॉरीनआत्यास,
टॅमसिनचा सा. न. वि. वि.

काल आले, आंघोळ केली, चौदा तास झोपले आणि आता पहिलं पत्र तुला. आत्या, आयुष्यात इतका चिखल पाहिला नाही आणि इतकी सुखीही कधी झाले नाही. शुक्रवारी जे कोसळायला लागलं ते रविवारपर्यंत. आमच्या रांगेतले ते आपोआप उघडणारे तंबू एकेक करून बसले. तुझा गबाळा मात्र तसूभर हलला नाही. शनिवारी रात्री त्यात आम्ही सहा जणी होतो, चार शेजारच्या बुडालेल्या तंबूंमधल्या. तुझ्या किटलीत चहा झाला, तुझे मोजे एका वेल्श मुलीने घातले आणि परत द्यायचं नाव काढलं नाही.

आणखी एक गंमत. आत दाराजवळ आधीच्या मालकाने पेनाने यादी लिहिली आहे, कुठे कुठे तंबू लावला त्याची, सालांसकट. थॉर्नबीही त्यात दोनदा आहे. आम्ही शेवटी आमची ओळ लिहिली: थॉर्नबी ०९, सहा जणी, एकही कोरडी नाही.

सोमवारी निघताना तंबू आम्ही तिथेच ठेवला. तिथे सगळे तसंच करतात. धर्मादाय संस्थेचे लोक मागून येतात, तंबू गोळा करतात आणि ज्यांना डोक्यावर छप्पर नाही त्यांना देतात. तू म्हणाली होतीस की तो नुसती जागा अडवतो, तेव्हा वाटलं की याहून चांगलं काय. जोडीची बस सुटत होती तरी मी तो आतून पुसला, दार लावलं आणि चिठ्ठी ठेवली, की ज्याला मिळेल त्याला कोरडी झोप लाभो. तुझ्या वतीने दान केलं, पुण्य तुझ्या खात्यावर. किटली आणि हातोडी आणली आहे.

पुढच्या वर्षी तुलाच घेऊन जाते. तोवर माझी आठवण ठेव.

तुझी,
टॅमसिन


ऑटली
१ जुलै २००९

क्लाइव्ह,

पोरीचं पत्र सोबत घातलं आहे. वाच आणि मला परत पाठव.

मी ते इस्त्री करता करता वाचलं. उशीचा अभ्रा जळला. आधी मला तिचा राग आला, इतका की दुपारभर घरात फेऱ्या मारत होते. कोण आपल्या आत्याची वस्तू शेतात सोडून येतं, असं भिंतींना विचारत होते. मग माझ्या पत्रात काय लिहिलं होतं ते आठवलं. पोरीने माझा शब्दन् शब्द पाळला आहे, रे. आतून पुसलासुद्धा.

मला तो तंबू हवा होता. त्यातल्या ओळी वाचायच्या होत्या. रसेलच दुसऱ्यांदा गेल्यासारखा वाटतो आहे मला, आणि या वेळी मीच पिशवीत भरून दिला.

तिला काही सांगू नकोस. मी तिला छान केलंस म्हणून लिहिणार आहे. कागद पुढ्यात घेऊन बसले आहे संध्याकाळपासून.

मॉरीन


लेस्टर
४ जुलै २००९

ती. आत्या,

बाबांनी सांगितलं. त्यांच्यावर रागवू नकोस. ते परवा कामावरून थेट इथे आले, जिन्यात बसले आणि रडले. बाबांना रडताना मी पहिल्यांदा पाहिलं.

काल आम्ही दोघं थॉर्नबीला गेलो. आमचा तंबू नळाच्या बाजूला, एका ॲश झाडाखाली होता, म्हणून जागा लगेच सापडली. तंबू नव्हता. तिथे एकही तंबू नव्हता. साफसफाई करणारी एक बाई भेटली, तिने सगळं सांगितलं. संस्थेची माणसं येतात हे खरं, पण मूठभर, आणि तंबू हजारोंनी. त्यांनी उचलायचे तेवढे उचलले, बाकीचे ट्रॅक्टरने लोटून कचऱ्याच्या गाड्यांत भरले. आपला कशात गेला ते तिला सांगता येईना. संस्थेच्या कोठीत जाऊन आम्ही नारिंगी दिसेल तो प्रत्येक उघडून पाहिला. बाबांनी चौकीदाराला पुन्हा पुन्हा विचारलं. नाही, आत्या.

मग आम्ही परत झाडाखाली गेलो. तंबू उपटला तेव्हा बऱ्याच खुंट्या चिखलातच राहिल्या होत्या. लाल डोकी दिसली. चौदापैकी नऊ मिळाल्या, धुऊन या पाकिटात पाठवते आहे. तू निघताना मोजायला सांगायला हवं होतंस, असं मनात आलं आणि स्वतःचीच लाज वाटली.

बाबा म्हणाले की यादी तू वाचली नव्हतीस. मी ती तीन दिवस उशाशी घेऊन झोपले होते, म्हणून डोळे मिटून आठवली तेवढी लिहिते. मधली एक ओळ ओलीने पसरली होती, ती येत नाही. वरून खाली अशी होती:

मागचं अंगण ८५. आई आणि मी. पाऊस. सगळ्यात भारी.
मॉर्टन मेडो ९३. बूट हरवला.
थॉर्नबी ९४.
(ही पसरलेली.)
थॉर्नबी ९६. ताप, तरी नाचलो.
स्केल्डर ९७. अंगणाइतकं नाही.

पहिली ओळ वाचून आम्ही हसलो होतो, अंगणालाही मेळ्यांत धरणारा हा कोण वेडा म्हणून. लिहिणाऱ्याचं नाव कुठेच नव्हतं. असतं तर मी तंबू पाठीवर टाकून चालत आणला असता.

क्षमा कर असं लिहवत नाही. लोभ मागण्याचा अधिकार राहिला असेल तर मागते.

टॅमसिन


ऑटली
८ जुलै २००९

चि. टॅमसिन हिला,
आत्याचे अनेक आशीर्वाद, आणि अधिकार अजून आहे.

पत्राला उशीर झाला, कारण पहिल्या ओळीच्या पुढे मला जाता येईना. चष्मा लावून वाचली, काढून वाचली. त्याला त्या रात्रीची लाज वाटते, असंच मी इतकी वर्षं धरून चालले. विषय काढला की तो खोलीतून उठून जायचा, तो लाजेने नव्हता जात, एवढंच मला आता कळलं. तंबू परत आला असता तर दिवसाला एक ओळ वाचून मी ती यादी आठवड्यात संपवली असती. तुझ्या अक्षरात ती माझ्या पर्समध्ये आहे.

तुला राग आला होता का, हे तू विचारलं नाहीस, तरी सांगते. आला होता. फार आला होता. तुझ्यापेक्षा माझा जास्त. यापुढे मी काही हरकत नाही म्हटलं तर एकदा पुन्हा विचारत जा, मी खरं सांगायचा प्रयत्न करीन. वय झालं, सवय एकदम जाणार नाही.

तंबू अंगणात उभा केला होता तिथलं गवत अजून थोडं पिवळं आहे. त्याच्या कडेने मी नऊ खुंट्या ठोकल्या, तू आणलेल्या. केन गवत कापायला आला, त्याला सांगितलं की यांना वळसा घालून काप, काढायच्या नाहीत.

ऑगस्टमधल्या सुट्टीला ये. तो वीस पौंडांचा आपोआप उघडणारा घेऊन ये, पाच खुंट्या कमी आहेत तेवढ्या त्याच्यासोबत येतील. पाऊस पडेलच, इथे पडल्याशिवाय राहत नाही. कंबर काही म्हणो, मी उशी घेऊन तुझ्याशेजारी झोपणार आहे. आणि न पुसलं जाणारं एक पेन आण. तंबू नवा असला तरी त्यात वरची ओळ तीच लिहायची आहे, आपली तिच्याखाली.

वाट पाहते.

मॉरीनआत्या